संपणाऱ्या खेळांच्या बाजूने



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर ग्रंथपाल होते. वाचकाने मागितलेले पुस्तक ते देतच. पण त्याबरोबर न मागितलेले एखादे पुढे सरकवत आणि पुढच्या खेपेला त्याविषयी आवर्जून विचारत. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर व्हिडिओ गेम हा विषय घेऊ का, असे मी विचारले तेव्हा आयोजकांनी लगेच होकार दिला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आज मी तुमच्यापुढे काही न मागितलेले खेळ सरकवणार आहे. त्यांचा खप किती आणि बक्षिसे किती, हे मला फारसे महत्त्वाचे वाटत नाही. आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात ते खेळले जात नाहीत, आणि खेळले जायला हवेत, एवढाच निकष मी लावला आहे.

आपल्याकडे खेळणाऱ्यांची वाण नाही. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलच्या कुठल्याही डब्यात पाहा. बॅगेवर पत्त्यांचा डाव मांडणारे ग्रुप अजून टिकून आहेत, पण मान खाली घालून फोनवर खेळणारे त्यांच्या कितीतरी पट आहेत. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. ज्यांचे दिवसाचे तीन-तीन तास गाडीत जातात त्यांनी त्या वेळात खेळू नये, असे मी कधीच म्हणणार नाही. खेळावे, आणि मनापासून खेळावे. मला बोचते ते हे, की हजारो माणसे खेळतात आणि त्यांच्या तोंडी खेळांची नावे मात्र तीच चार-पाच असतात.

पूर्वी असे नव्हते. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि त्याच्या पिवळ्या कॅसेटी घरोघरी पोचल्या, आणि स्टेशनाजवळच्या पार्लरमध्ये रुपयाचे कॉइन टाकून आमची पिढी ‘मुस्तफा’ खेळली. कॅपकॉमने १९९३ साली काढलेल्या त्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्यातल्या मुस्तफा नावाच्या गड्यावर आपल्याकडच्या पोरांनी इतका जीव लावला की खेळालाच त्याचे नाव पडले. मुस्तफाचे टप्पे आठ. कॅसेटीतल्या ‘कॉन्ट्रा’चेही आठ. शेवटचा बॉस मेला की खेळ संपे, जिंकणाऱ्याचे नाव आठवडाभर गल्लीत निघे, आणि मग पोरे दुसऱ्या खेळाकडे वळत. खेळ संपत असल्यामुळे नव्या खेळाची भूक राहत असे.

आज फोनवर फुकट मिळणारे बहुतेक लोकप्रिय खेळ संपतच नाहीत. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटते, थोड्या थोड्या महिन्यांनी नवा ‘सीझन’, त्या सीझनपुरत्याच मिळणाऱ्या ‘स्किन’. तुम्ही उद्या परत यावे, यासाठी ही सगळी रचना केलेली असते. त्यात कौशल्य नाही असे नाही, मैत्रीही जुळतात. पण जो खेळ कधी पुरा होत नाही त्याच्याविषयी शेवटी काय बोलणार? कादंबरी संपते म्हणून आपण ती मिटून तिच्यावर वाद घालू शकतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. फार चांगले झाले. पण कायदा पैसा अडवू शकतो. आपला वेळ कोणत्या खेळाला द्यावा, हे काही त्याच्या कक्षेत येत नाही. ते काम अभिरुचीचे आहे, आणि अभिरुची घडते ती चर्चेने. मराठीत सिनेमाचे परीक्षण दर आठवड्याला छापून येते, नाट्यसमीक्षेला शतकाहून मोठी परंपरा आहे, ‘मनोरंजन’ने १९०९ साली सुरू केलेली दिवाळी अंकांची प्रथा आजही जोमात आहे. व्हिडिओ गेमची बातमी मात्र आपल्याला भेटते ती गुन्हेगारीच्या पानावर किंवा शेअर बाजाराच्या. खेळाची कथा कशी होती, नियम कसे बेतले होते, खेळून झाल्यावर मनात काय उरले, यावर मराठीत क्वचितच कोणी लिहिते. ज्या परंपरेने मोक्षपटाचे श्रेय ज्ञानेश्वरांना दिले, सोंगट्या सरकवता सरकवता पापपुण्याचा विचार करायला लावणारा पट ज्या समाजात घरोघरी मांडला गेला, त्या समाजाने खेळांविषयी इतके मौन पाळावे, हे मला पटत नाही.

आणि चांगल्या खेळाला माणूस भेटणे आज खरोखर अवघड आहे. संगणकावरच्या खेळांचे ‘स्टीम’ नावाचे मोठे ऑनलाइन दुकान आहे. २०२४ या एकाच वर्षात तिथे अठरा हजारांहून अधिक नवे खेळ आले. त्यातला तुमच्यासाठीचा कोणता, हे सांगायला दुकानाचे यंत्र आहे. पण ते आधीच खपणारी वस्तू आणखी पुढे करते. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभ्या केलेल्या ‘ग्रंथसखा’मध्ये जाऊन या. ज्यांना कोणी विचारत नव्हते अशी जुनी मासिके आणि दुर्मीळ पुस्तके तिथे जपली आहेत. वाचक कमी मिळाले म्हणून पुस्तक कमी ठरत नाही, या श्रद्धेवर ते ग्रंथालय उभे आहे. तीच नजर मला खेळांकडे वळवायची आहे.

सुरुवात गाडीपासून करू. ‘मिनी मेट्रो’ हा खेळ न्यूझीलंडमधल्या पीटर आणि रॉबर्ट करी या भावांच्या छोट्या कंपनीने केला. तो फोनवर चालतो, नेट लागत नाही, आणि एक डाव ठाणे ते कल्याणच्या दरम्यान उरकतो. पडद्यावर गोल, त्रिकोणी, चौकोनी स्थानके उगवत जातात. त्रिकोणी प्रवाशाला त्रिकोणी स्थानक गाठायचे असते. बोटाने रेघ ओढली की मार्ग तयार. दर आठवड्याला एक इंजिन आणि एखादा डबा, बोगदा किंवा नवा मार्ग हाती येतो. शहर मात्र वाढतच राहते, आणि शेवटी कुठल्यातरी स्थानकात गर्दी इतका वेळ तुंबते की डाव संपतो. आपण हरतो, पण गर्दी का तुंबली, कोणता मार्ग आधी काढायला हवा होता, हे लख्ख कळलेले असते. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची आणि चिखलोली स्थानकाची आपण सगळे वाट पाहतो आहोत. एक स्थानक वाढले की सगळ्या मार्गाचे वेळापत्रक कसे बदलते, हे या खेळात बोटांना समजते. मला तर तो नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवावासा वाटतो.

रेल्वेचाच दुसरा खेळ ‘एटी डेज’. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेच्या कादंबरीवर इंग्लंडमधल्या ‘इंकल’ने तो २०१४ साली केला. मूळ कादंबरीत नायक फिलियस फॉगची गाडी मुंबईहून निघते तेव्हा व्हर्न कल्याण जंक्शनचा उल्लेख करतो, आणि तिथून खंडाळा-पुण्याकडे फुटणाऱ्या फाट्याचाही. तो फाटा म्हणजे आपला मार्ग. कल्याण ते खोपोली हा टप्पा १८५६ सालीच सुरू झाला होता. फॉगसाहेब त्या फाट्याने आले नाहीत, ते उत्तरेकडे गेले. पण १८७२च्या जगाच्या नकाशावर आपला रस्ता होता, हे वाचून मला आजही आनंद होतो.

या खेळात आपण साहेब नसतो. त्याचा नोकर पासपार्तू असतो. सामान भरायचे, पैसे जपायचे, कोणत्या गाडीने वा जहाजाने जायचे ते ठरवायचे आणि वाटेत भेटणाऱ्या माणसांशी बोलायचे. पाच लाखांहून अधिक शब्द मेग जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी लिहिले, त्यामुळे दोन खेळाडूंचा प्रवास सहसा सारखा होत नाही. मेग जयंत यांचे मोठे काम असे, की व्हर्नने ज्या देशांतली माणसे पाठीमागच्या पडद्यासारखी रंगवली त्यांना त्यांनी बोलते केले. आपापले हेतू आणि आपापला राग असलेली माणसे झाली ती. अमेरिकेच्या ‘टाइम’ने त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ म्हणून याला निवडले होते. इंग्रजी भरपूर वाचावे लागते, ही अडचण खरीच. पण आठवी-नववीतल्या मुलामुलीला शेजारी बसवून, मोठ्याने वाचत, पुढे काय करायचे ते दोघांनी ठरवत खेळण्यासारखा याच्याइतका चांगला खेळ माझ्या माहितीत नाही.

आता ज्या खेळाविषयी बोलण्यासाठी मी मुख्यतः उभी आहे त्याकडे येते. ‘पेपर्स, प्लीज’. लुकस पोप या एकट्या माणसाने तो केला, २०१३ साली. २०२२मध्ये फोनवरही आला. अर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर, १९८२ साली, तुम्ही कारकून आहात. खिडकीपुढे रांग. एकेक माणूस येतो, पासपोर्ट सरकवतो. फोटो जुळतो का, तारीख उलटली का, शिक्का खरा का, वजन बरोबर का, एवढे पाहायचे आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. जितकी माणसे तपासाल तितका पगार. चूक झाली की पहिल्या दोन वेळा ताकीद, मग दंड. संध्याकाळी घरभाडे, अन्न, शेगडी आणि आजारी मुलाचे औषध यांत तो पगार वाटायचा. बहुधा पुरत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास एक नवरा येतो. त्याचे कागद चोख. जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायको येते, आणि तिच्याकडे प्रवेशपत्र नसते. आता तुम्ही काय कराल? सोडले तर ताकीद. अडवले तर ती रांगेतून मागे, आणि नवरा सीमेपलीकडे. खेळ कुठेही भाषण करत नाही. शिक्का तुमच्या हातात असतो, एवढेच.

ज्या गावाला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले ते त्याआधी कल्याण कॅम्प होते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे राहायला आली. आजही आपण पत्ता सांगताना कॅम्प एक ते कॅम्प पाच असाच सांगतो. रेशनचा कागद, बराकीतल्या खोलीचा कागद, मागे सोडलेल्या घराच्या दाव्याचा कागद, यांवर त्या पिढीचे आयुष्य लटकलेले होते. खिडकीच्या अलीकडच्या माणसाच्या आठवणी आपल्याकडे घराघरांत आहेत. हा खेळ पलीकडच्या खुर्चीत बसवतो, आणि साधा, घाबरलेला, पोटाला चिकटलेला माणूस दुसऱ्याच्या आयुष्यावर लाल शिक्का कसा मारून जातो, ते आपल्याच हाताकडून करवून दाखवतो. फाळणीवर मी पुष्कळ वाचले आहे. ही जाणीव मला वाचनातून इतकी स्पष्ट कधी झाली नव्हती. एकतीस दिवसांचा खेळ आहे, वीस वेगवेगळे शेवट आहेत, आणि त्यातले काही फार लवकर येतात. लहान मुलांना देऊ नका. तपासणीच्या दृश्यात उघडी शरीरे दिसतात, ती सेटिंगमध्ये झाकता येतात. पण मूळ विषयच मोठ्यांचा आहे.

त्याच वळणाचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा पोलंडमधला खेळ, सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. यात तुम्ही सैनिक नसता. पडक्या घरात अडकलेल्या तीन-चार सामान्य माणसांना अन्न, औषध आणि ऊब मिळवून द्यायची. पोलंड सरकारने २०२० साली तो विद्यार्थ्यांसाठी सुचवायच्या साहित्याच्या यादीत घातला. एका देशाने खेळाला पुस्तकांच्या शेजारी बसवले, हे आपल्या शिक्षण क्षेत्रातल्या मंडळींनी लक्षात ठेवावे.

यानंतर ‘वेनबा’. कॅनडात टोरांटोला तमिळ वंशाच्या अभी या तरुणाने आपल्या साथीदारांसह २०२३ साली हा खेळ पुरा केला. दोन तासांत संपतो. १९८८ साली कॅनडाला गेलेली एक तमिळ बाई, तिचा नवरा पावलन, मुलगा कविन. आईने दिलेली पाककृतींची वही फाटलेली, शाई पुसलेली. इडलीपात्राच्या ताटल्या कोणत्या क्रमाने रचायच्या, पुट्टूचे पीठ आणि खोबरे नळीत कसे भरायचे, हे अर्धवट ओळींवरून ओळखून आपण रांधायचे. मुलगा वाढतो, त्याला डब्याची लाज वाटू लागते, भाषा त्याच्या तोंडून निसटते. पुढे तोच मोठा होऊन एकटा ती वही उघडतो तेव्हा खेळ आपल्याला त्याच्या जागी आणून सोडतो: आईचे अक्षर समोर आहे आणि नीट वाचता येत नाही. २०२४ साली इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा सर्वोच्च पुरस्कार याला मिळाला.

मी हा खेळ उल्हासनगरच्या घरांसाठी सुचवते. सिंधी भाषेला १९६७ साली आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, आणि तरीही कॅम्पातल्या किती नातवंडांना आजीच्या हातची अरबी लिपीतली चिठ्ठी वाचता येईल? कोकी, साईभाजी, दाल-पकवान घरात रोज शिजते. जिभेवर चव राहिली आहे आणि लिपी गेली आहे. वेनबा तमिळ बाईची गोष्ट सांगते, पण ती गोष्ट कॅम्प चारमधल्या स्वयंपाकघरात शब्द न् शब्द कळेल. आणि फक्त सिंधी घरांनाच कशाला? अंबरनाथच्या नव्या टॉवरांत राहणाऱ्या मालवणी, खानदेशी कुटुंबांत मुलांशी कोणत्या भाषेत बोलले जाते, ते तुम्ही मला सांगा.

आपल्या राज्यातला एक खेळ घेतला नाही तर हे व्याख्यान अपुरे राहील. ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने तो केला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे त्याचे संस्थापक. २०१७ साली त्यांनी लोकांकडून इंटरनेटवर वर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही. २०२० साली खेळ आला आणि त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये नवोदितांच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. राजी ही कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. ती त्याला शोधायला निघते, दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती येतो, आणि दुर्गा आणि विष्णू तिच्याविषयी आपसात बोलत असतात, ते आपण ऐकतो.

त्यातले वाडे आणि किल्ले राजस्थानातल्या गडांवरून, चित्रांचे रंग पहाडी शैलीतून, पूर्वकथा सावल्यांच्या बाहुल्यांतून. एका ठिकाणी चक्रासारखी चित्रे फिरवून राजी आणि गोलूच्या आठवणी जुळवायच्या असतात; तिथे मी खेळ थांबवून नुसती पाहत बसले होते. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या भिंतींवर १०६०च्या सुमारास शिल्पकारांनी जे कोरून ठेवले आहे त्याच्यासमोर लहानपण घालवलेल्या मुलांना हे जग ओळखीचे वाटेल.

उणिवाही सांगते. लढाया पुढे पुढे एकसारख्या होतात, आणि शेवट फार तोडून टाकल्यासारखा आहे. अशा उणिवा दाखवून देणारा जाणता प्रेक्षक जवळ असला तर पुढचा खेळ अधिक चांगला होतो. नाटकांच्या बाबतीत आपण हे पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आहेत, म्हणजे इंग्रजीची अडचणही उरत नाही. पाच-सहा तासांत पुरा होतो. पुण्यात बनलेल्या या खेळाचे नाव ठाणे जिल्ह्यातल्या गेमवेड्या मुलांनी ऐकलेले नसावे, याचे मला खरेच वाईट वाटते.

एक शेवटचे नाव. ‘नेव्हर अलोन’, २०१४. अलास्कातल्या इनुपियाक लोकांची एक पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट. तिथल्या आदिवासी परिषदेने पुढाकार घेऊन, वडीलधाऱ्यांना सोबत बसवून तिचा खेळ केला. नूना नावाची मुलगी आणि तिचा कोल्हा हिमवादळाचे मूळ शोधायला निघतात, आणि निवेदन त्यांच्याच भाषेत होते. बारवी धरणाच्या अलीकडे-पलीकडे ठाकर आणि कातकरी पाड्यांत रात्री कोणत्या गोष्टी सांगितल्या जातात? त्या लिहून ठेवणारे थोडे आहेत, खेळ करणारे अजून कोणी नाहीत.

असा खेळ करायला कोट्यवधी रुपये लागतात, ही समजूत चुकीची आहे. ‘एटी डेज’ लिहिण्यासाठी इंकलने जे साधन बनवले त्याचे नाव ‘इंक’. २०१६ साली त्यांनी ते सर्वांसाठी मोफत आणि खुले केले. साध्या संगणकावर चालते. मजकूर लिहायचा, पर्याय द्यायचे, प्रत्येक पर्यायाचा परिणाम लिहायचा. मजकूर देवनागरीत लिहिता येतो. उल्हासनगरच्या चांदीबाई आणि तलरेजा महाविद्यालयांतल्या मुलांनी एका सुट्टीत आजी-आजोबांकडून ऐकून घेतले, कराचीच्या बंदरातून निघालेल्या एका कुटुंबाचा कल्याण कॅम्पातल्या बराकीपर्यंतचा प्रवास लिहून काढला, कोणती पेटी घ्यायची, कोणती सोडायची, कोणत्या रांगेत उभे राहायचे हे खेळणाऱ्याला ठरवू दिले, तर तो खेळ जगात कुठेही दाखवण्याजोगा होईल. लिहायला तीन-चार जण, चित्रांना एक, आवाजाला घरातलीच माणसे.

आणि ज्यांना करायचे नाही, नुसते खेळायचे आहे, त्यांच्यासाठी आयोजकांना माझी विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी वाचनालयातला टीव्ही आणि एक संगणक दोन तास मोकळा ठेवावा. एक खेळ, चार-पाच खेळणारे, बाकीचे पाहणारे, आणि नंतर अर्धा तास बोलणे. जे बोलले जाईल ते कोणीतरी लिहून काढावे आणि येत्या दिवाळी अंकाला पाठवावे. आजच्या रात्रीपुरते सांगायचे तर बाजूच्या खोलीत ‘राजी’ टीव्हीवर लावला आहे, ‘मिनी मेट्रो’ आणि ‘पेपर्स, प्लीज’ टॅबवर आहेत. शेवटची बदलापूर लोकल गाठायची असेल त्यांनी ‘मिनी मेट्रो’चा एकच डाव खेळावा. बाकीच्यांनी सीमेच्या खिडकीत येऊन बसावे. तो नवरा येईपर्यंत तरी उठू नये.